नमुना क्रमांक सदतीस

डबीवर नाव लिहायचं नसतं, फक्त आकडा आणि वेळ.
सकाळी ६:१०.
पण सहाचं ते फुगलेलं पोट मी कुठेही ओळखीन,
प्रतापनगरच्या मालधक्क्यावर तीस वर्षं
वॅगनींच्या पाठीवर खडूने काढलेलं.
आबा, तुम्ही मला न विचारता
माझ्याच प्रयोगशाळेत नाव नोंदवलंत.
फॉर्ममध्ये प्रश्न होता : आठवड्यातून किती वेळा?
तुम्ही लिहिलंत, 'क्वचित'.

दांडिया बाजारात असताना
रविवारचं मटण अख्ख्या बोळाला कळायचं.
अर्धा किलो, माणसं सात.
वाट्याला दोन फोडी, एखादी नळी,
बाकी ताटभर बाजरीची भाकरी, वालाची उसळ,
मुळ्याचा पाला. तो आम्ही ढकलायचो ताटाच्या कडेला,
आणि तुम्ही परत मध्ये आणायचात.

मग गोत्रीची सोसायटी. तिसरा मजला, लिफ्ट, तुळशीसाठी कठडा.
पहिल्याच रविवारी फोडणी बसली
आणि समोर मृदुलाबेननी खिडकी लावली.
बोलल्या काहीच नाहीत. कधीच नाहीत.
संध्याकाळी हांडवोसुद्धा आणून दिला.
पण ती खिडकी इतक्या हळू लागली होती
की ती ऐकू येतच राहिली.

आईने पाटा भंगारवाल्याला दिला.
आणि तुम्ही अलकापुरीतून आणायला लागलात
ते गुलाबी पाकीट.
गार, गोल, एकसारख्या चकत्या.
ना हाड, ना धूर, ना वास.
फ्रिजमध्ये दुधीच्या मागे.
रोज सहा, पावात घालून, उभ्यानेच,
दिवा न लावता.

आतही एक सोसायटी आहे, आबा.
जुने रहिवासी साधे होते :
सालं, कोंडा, पाल्याचे दोर चघळायचे
आणि त्यातून जे आम्ल व्हायचं
त्यावर आतड्याच्या भिंती पोसायच्या.
पाला येईना, तसे एकेक निघून गेले.
उरलेल्यांनी भुकेपोटी
भिंतीचाच गिलावा खरवडायला घेतला.
नवे आले. त्यांना मांसातलं एक द्रव्य आवडतं.
ते फोडून ते एक वायू सोडतात,
सडक्या मासळीच्या वासाचा.
हो, वास.
बाहेर गेला नाही म्हणून तो आत गेला.
मग यकृत ते हातात घेतं,
वास काढून टाकतं,
आणि रक्तात सोडून देतं, मुकाट्याने.
फार सभ्य आहे यकृत. खिडकी लावून घेतं.
धमन्यांना मात्र सगळं कळतं, असं म्हणतात.
'म्हणतात' एवढंच मी म्हणू शकते.
आमच्या विषयात 'असावं'पासून 'आहे'पर्यंत पोचायला
माणसाचं आयुष्य लागतं,
आणि तुमची साखर तर याच वर्षी वाढलीय.

लहानपणी काळा घोड्याच्या पुलावरून
तुम्ही विश्वामित्रीतली मगर दाखवायचात :
बघ, एकदा खाल्लं की महिनाभर पडून.
तोंड उघडं, ऊन आत घेत.
मी विचारलं होतं, तिचं पोट दुखत नाही?
तुम्ही म्हणालात, तिला कुणी शेजारी नाहीत.
तेव्हा मला ते उत्तरच वाटलं नव्हतं.

नमुना कुणाचा हे मला माहीत नसायला हवं.
म्हणून तुम्हाला काही सांगणार नाही.
हा कागदही बहुधा देणार नाही.
सदतीस नंबरची डबी मी
उणे ऐंशीच्या कपाटात ठेवलीय,
जिथे कशालाच वास येत नाही.

रविवारी येते.
पाव किलो आणते, त्याहून जास्त नाही,
आणि गवार, आणि बाजरीचं पीठ.
पाट्याचं बघू, मिक्सर आहेच.
दुधीमागचं पाकीट मी पाहिलंच नाही असं करीन,
तुम्ही तेवढ्या खिडक्या उघडा.